नसीमआपाला न पटलेली माय

नसीमआपाला कुणी सहज जरी विचारलं, "सिनेमा कसा होता?" तरी ती उत्तर द्यायच्या आधी विचारणाऱ्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळायची. मग म्हणायची, "तुले काहून पाह्यजे?" समोरचा बिचारा ओशाळून सांगायचा, "काई नाई आपा, जाव का नाई, ते ठरवाचं होतं." त्यावर आपा डोळे आणखी बारीक करायची. "मंग जाऊन पाह्य ना. माह्या डोयानं कायले पाहतं?"

आणि गंमत अशी, की अख्ख्या मंगरूळपीरला नवीन सिनेमा कसा आहे हे तिच्याच डोळ्यांनी बघायचं असे. जी बाई कशावरच विश्वास ठेवत नाही तिच्या शब्दावर लोकांचा केवढा विश्वास! मला तर हा प्रकार शेवटपर्यंत उलगडला नाही.

बसस्टँडसमोरच्या गल्लीत तिचं मॅचिंग सेंटर होतं. अस्तर, फॉल, परकर, रिळं, लेस, हुक. नवरा गेल्यावर दुकान तिनं एकटीनं ओढलं. गल्लीत तशी आणखी दुकानं होती, पण बायका हिच्याकडेच यायच्या, कारण ही एकटीच अशी होती जी विकायच्या आधी तुमच्याशी भांडायची. साडी काउंटरवर ठेवली, तिनं अस्तराचा तुकडा लावून पाहिला, आपण म्हणालो "बरोबर आहे, द्या", की ती साडी आणि तुकडा घेऊन तडक बाहेर निघायची. आपण तिच्या मागं. भर रस्त्यात, उन्हात, रिक्षा थांबवून ती दोन्ही कपडे एकमेकांवर धरायची. "ट्यूबलाइटचा भरोसा नाई मॅडम. अंदर सगळंच जुळते."

सिनेमालाही तिनं हाच कायदा लावला होता. अंधारात पाहिलेल्या गोष्टीबद्दल अंधारातून बाहेर आल्या आल्या बोलायचं नाही. मत दुसऱ्या दिवशी, दुपारी, दुकानाच्या पायरीवर. तोवर तोंड बंद.

हा कायदा आम्हा चौघींना होता. एक मी, जिल्हा परिषदेच्या शाळेतली मास्तरीण. एक पतसंस्थेतली सुनंदा, जिला सिनेमाच्या सुरुवातीची नावं येतानाच पडद्यावर गाय दिसली तरी रडू यायचं. एक कमल राठोड, माझ्याच शाळेत पोरांची खिचडी शिजवणारी. आणि आपा. गावातली टॉकीज बंद पडून तिथं सोफे आणि कपाटं विकायला लागल्यापासून आम्ही एसटीच्या अर्ध्या तिकिटात वाशीमला जायचो. रविवारी दुपारचा खेळ पाहायचा आणि संध्याकाळच्या गाडीनं परत यायचं.

येताना गाडीत चौघी गप्प. एकदा एका सिनेमात हिरो मेला, आणि सुनंदाचं रडणं काही थांबेना. बोलायला बंदी असल्यामुळे ती नुसती हुंदके देत होती आणि आम्ही तिघी समोर बघत बसलेलो. कंडक्टर भला माणूस. आवाज खाली करून त्यानं आपाला विचारलं, "कोन गेलं हो, बाई?"

"कोनी नाई गेलं," आपा म्हणाली. "सिनेमातला मेला. तोबी पगारी."

सुनंदा आठ दिवस तिच्याशी बोलली नाही. पण पुढच्या रविवारी बसस्टँडवर सगळ्यांत आधी तीच येऊन उभी होती.

मोबाइलवर सिनेमांबद्दल बोलणारी पोरं आपाला अजिबात खपायची नाहीत. मी एकदा तिला तसा एक व्हिडिओ दाखवला. पोरगा हात नाचवून सांगत होता, काय सिनेमा आहे, काय काम केलंय, सगळी बक्षिसं यालाच! आपानं तो पूर्ण पाहिला, मग मागं नेऊन पुन्हा पाहिला. "मॅडम, याच्या अंगातलं बनियान पाह्यलं काय? त्याच सिनेमाचं हाय. कंपनीचं बनियान घालून कोनी खरं बोलते काय?" मी पाहिलं, तर खरंच छातीवर सिनेमाचं नाव.

बक्षिसांचा हंगाम आला की तिच्या पायरीवर बाजार भरायचा. कुणाला मिळणार, कुणाला नाही. सुनंदा म्हणायची, त्या बारक्या हिरोइनीला मिळायला पाहिजे, किती गोड दिसली. आपा हात झटकायची. "गोड दिसली त गेलं बक्षीस. जिनं पावडर लावली नाई, तिले भेटते. अन् हिरो लंगडला, नाई त टकला झाला, त त्याचं पक्कं." दरवेळी तसंच व्हायचं असं नाही. नाही झालं की ती म्हणायची, "सेटिंग हाय." म्हणजे तिचं बरोबर आलं तरी ती बरोबर, आणि चुकलं तर दुनिया लबाड. हिच्याशी वाद घालायचा तरी कसा, तुम्हीच सांगा!

एका वर्षी दुकानातल्या छोट्या टीव्हीवर आम्ही तो सोहळा पाहत होतो. एका नटीचं नाव पुकारलं. ती दोन्ही हात तोंडावर नेऊन रडायलाच लागली, मला स्वप्नातही वाटलं नव्हतं म्हणाली. सुनंदाचेही डोळे भरले. आपा एकदम ओरडली, "स्वप्नात नोतं, त पर्समदून कागुद कुठून काढला वं?" त्या नटीनं खरोखरच पर्समधून घडी घातलेला कागद काढून आभार मानायला सुरुवात केली होती. कमल एवढी हसली, की तिला ठसका लागला.

कमल आणि आपा यांचं कसं जमलं, ते सांगायलाच हवं. आसेगावकडच्या तांड्यावर कमल नवी सून होती, त्या काळातली गोष्ट. ती काचेच्या टिकल्या आणि रंगीत दोरे घ्यायला दुकानात आली. ती गेल्यावर आपानं सगळी रिळं मोजली, एखादं उचललं तर नाही ना म्हणून. सगळी भरली. पुढच्या बाजाराला कमल आली, तेव्हा आपानं तिला तोंडावर सांगितलं, "मी तुह्यावर संशय घेतला होता." कमल म्हणाली, "मले दिसलं होतं. मीबी घरी जाऊन तुही लेस मोजली. म्हटलं, कमी त नाई देल्ली." दोघी एकमेकींकडे पाहून जे हसल्या, तेव्हापासून दोस्ती. आपा मरणाची संशयखोर, पण कमलच्या समोर गल्ला उघडा टाकून नमाजाला उठायची.

कमलचा मुलगा विलास लहानपणी याच पायरीवर बसून अभ्यास करायचा. पुढे तो पुण्याला शिकायला गेला आणि कॅमेरा घेऊन परत आला. त्यानं तासाभराचा एक सिनेमा केला. आमच्याच भागात, तांड्यावर, मानोऱ्याच्या रस्त्यावर. गोष्ट साधीच. ऊसतोडीला निघालेली एक माय, शाळेत लागायच्या आधी कमल निघायची तशी. धाकट्या मुलीला आजीजवळ ठेवते, थोरल्या मुलाला सोबत घेते, ट्रकमध्ये चढते. सगळ्यांसमोर हसते, चेष्टा करते. ट्रक गाव सोडून वळला, की अंगावरच्या जुनेर लुगड्याचा पदर तोंडात कोंबून रडायला लागते. आणि तो थोरला मुलगा तिच्याकडे पाहत राहतो.

सिनेमा पुण्याच्या एका मोठ्या महोत्सवात बक्षिसासाठी जायचा होता. त्याआधी विलासनं शनिवारी संध्याकाळी इथल्या मंगल कार्यालयात पडदा लावून गावाला दाखवला. काय टाळ्या पडल्या म्हणता! पुढारी रडले, सुनंदा रडली, रडत नव्हते ते रडल्यासारखं करत होते. विलास मात्र गर्दीतून वाट काढत थेट आपाकडे आला. "मावशी, हे सगळे मले ओयखतेत, म्हनून वाजवून राह्यले. तुमी खरं सांगा."

"उद्या दुपारी ये," आपा म्हणाली.

पोरगा रात्रभर झोपला नाही, असं नंतर कमलनं सांगितलं. महोत्सवातले परीक्षक राहिले बाजूला, आधी मावशीला पटायला पाहिजे, हे त्याच्या डोक्यात लहानपणापासून बसलेलं. आणि कमललाही तेच हवं होतं. ती दुसऱ्या दिवशी डोक्याला तेल लावून, नवी साडी नेसून आली, माझ्या शेजारी पायरीवर बसली आणि आपाच्या तोंडाकडे पाहत राहिली.

"बक्षीस भेटीन तुले," आपा म्हणाली.

विलासचा चेहरा फुलला.

"भेटीनच. परीक्षकाइले रडनारी माय लागते. फाटकं लुगडं, तोंडात पदर. डोये पुसत पुसत देतीन. पन बेटा, माय खोटी हाय."

"खोटी?"

"हे तुही माय नाई. तुह्या मायले मी दर साली जाताना पाह्यलं हाय. याच चौकात ट्रक उभा राहे. ही माह्या दुकानात ये, चांगल्या लुगड्याले फॉल घे, माह्यासंग हुज्जत घाले, अन् हासत हासत ट्रकवर चढे. पोरगी मांगं ठेवून चालली, पन डोयात टिपूस नाई! मी म्हनो, बाई असावं त असं. अन् तू तिले रडकी केली. कायच्यासाठी? बक्षिसासाठी."

विलास लाल झाला. "तुमाले काय मालूम, मावशी?" मग आईकडे वळला. "माय, तू सांग न."

कमल पदराचा निघालेला धागा बोटाला गुंडाळत होती. ती उठली. "खिचडीची वेय झाली," म्हणाली आणि चालू लागली. रविवार होता. शाळेला सुट्टी होती. आमच्यापैकी कुणी तिला ते सांगितलं नाही.

त्या दिवसापासून कमल दुकानाकडे फिरकली नाही. रविवारची वाशीमची फेरीही बंद पडली. सुनंदानं पतसंस्थेत सांगितलं, पतसंस्थेनं गावाला सांगितलं, आणि गावाला चघळायला विषय मिळाला. आपाचा स्वतःचा पोरगा अकोल्यात मोबाइल विकतो, म्हणून ती जळली, असं काहींचं म्हणणं. काहींना तिच्या नजरेची भीती, आता बक्षीस गेलंच समजा. मी शाळेत कमलला आडून आडून विचारलं, तर ती "डाळ करपून राह्यली" म्हणून चुलीकडे वळायची. मी आपाला म्हटलं, "दोन शब्द गोड बोलला असतात तर काय बिघडलं असतं?" ती म्हणाली, "मॅडम, दुनियेशी गोड बोलाले लय लोक हायत. पोट्ट्यानं मले खरं इचारलं." आणि मग रस्त्याकडे पाहू लागली. खरं सांगते, तिला कमलची फार आठवण येत होती. दारात पदराची सावली पडली, की ती मान वर करायची.

बक्षीस मिळालं. गावात फटाके वाजले, विलासचे फलक लागले, त्यातला एक पोरांनी मुद्दाम मॅचिंग सेंटरच्या पाटीवर टांगला. दुकानाचं नाव झाकलं गेलं, तरी आपानं तो काढला नाही. "मी म्हनलंच होतं, भेटीन म्हनून," एवढंच येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. सत्काराला ती आली नाही. मी गेले होते. दुसऱ्या दिवशी तिनं मला हाक मारून आत घेतलं आणि दार लोटलं.

"मॅडम, कमलले स्टेजवर बलावलं होतं?"

"हो."

"रडली काय?"

"नाही हो. हसत होती."

"पाह्य!" आपानं काउंटरवर हात आपटला. "मी काय म्हनलं होतं? हे बाई रडनारी नाई. अख्ख्या गावासमोर पोराचा सत्कार झाला, तरी रडली नाई. मी खोटी का तो सिनेमा खोटा?"

मला तिचा राग आला. मी दार उघडून बाहेर पडले.

उन्हाळ्याच्या सुट्टीत विलासनं आईला पुण्याला न्यायचं ठरवलं. कायमचं. तिथं त्याला काम मिळालं होतं, खोली घेतली होती. जायच्या आदल्या दुपारी मी फॉल घ्यायला दुकानात बसले होते, तर दारात कमल. हातात नवी साडी.

"अस्तर दे, आपा," ती म्हणाली. जशी काही कालच येऊन गेली होती.

आपानं साडी घेतली. मी उठायला लागले, तर कमलनं माझा हात धरून बसवलं. कदाचित तिला कुणी तिसरं माणूस तिथं हवं होतं.

"सिनेमातली माय खोटी नाई, आपा."

आपानं वर पाहिलं.

"तू पाहे तवा मी हासोच. चौकात सगळे राहत. सासू राहे, पोरगी सासूच्या कडेवर राहे. मी रडली असती, त तेबी रडली असती, अन् मंग मले ट्रकवर चढनं झालं नसतं. म्हनून हासो. दर्ग्यापाशी ट्रक वयला, का मंग पदर तोंडात कोंबो. वाशीम येईपर्यंत तोंडातून काढो नाई. विलास मांडीवर राहे. त्यानंच पाह्यलं. दुसऱ्या कोनं नाई."

"अन् फॉल लावलेलं लुगडं?"

"ते पेटीत. फडात फॉल लावून ऊस तोडता येते काय?"

आपा काउंटरला धरून हळूच स्टुलावर बसली. वर्षानुवर्षं ती ज्या बाईचं उदाहरण गावाला द्यायची, ती बाई समोर उभी राहून हे सांगत होती.

"एवढ्या सालाची दोस्ती," आपा म्हणाली. "मले काहून नाई सांगतलं, कमल?"

कमलनं तिच्याकडे सरळ पाहिलं. रागानं नाही, अगदी साधेपणानं म्हणाली, "तुले पटलं असतं काय, आपा?"

मला वाटलं, आता आपा काहीतरी फटकन बोलेल. तिनं तोंड उघडलंही.

"तू म्हनली असती, नाटकं करून राह्यली," कमल म्हणाली. "दुनियेनं म्हटलं असतं त मले काई वाटलं नसतं. तू म्हटलं असतं, त मंग मी कोनाजवय जावाचं?"

आपानं अस्तराचा तुकडा उलगडला, घडी केली, पुन्हा उलगडला. शेवटी कमलनंच रंग ठरवला, पिशवीत घातला आणि गेली. मी फॉल तसाच विसरून आले.

सकाळी पुण्याच्या गाडीला कमलला सोडायला मी बसस्टँडवर गेले. सुनंदा आधीच रडत उभी होती. विलास सामान वर चढवत होता. कमल खिडकीशी बसून हसत हसत मला सूचना देत होती. शाळेतला तिखटाचा डबा वरच्या फळीवर आहे, नवीन बाईला मीठ बेतानं घालायला सांगा. समोरच्या गल्लीत मॅचिंग सेंटरचं शटर खाली होतं. मला इतका संताप आला! म्हटलं, बाई, एवढी कसली तुझी ऐट? जन्मभराची मैत्रीण चालली, आणि तुला घरातून निघवत नाही?

ड्रायव्हरनं गाडी चालू केली, तेवढ्यात गल्लीतून बुरख्यातली आपा धापा टाकत आली. एका पायातली चप्पल निसटली, ती हातात घेतली आणि तशीच गाडीत चढली. विलासला तिनं हातानंच उठवलं. "सरक. मांगं जाऊन बस." आणि कमलच्या शेजारी बसली.

"आपा, तू कुठं?" कमल घाबरलीच.

"वाशीमपर्यंत येतो."

"अन् दुकान?"

"तुह्यावर माहा भरोसा नाई," आपा मोठ्यानं म्हणाली, साऱ्या गाडीला ऐकू जाईल असं. "म्हनतं, वयनाच्या म्होरं रडतो. मी पाह्यलं हाय काय? आता शेजारी बसून पाहतो, रडतं का नाई ते."

कमल हसली. गाडी हलली. त्याच महिन्यात माझी बदली झाली, त्यामुळे आपा म्हटलं की मला आजही तीच सकाळ दिसते. मी आणि सुनंदा रस्त्याच्या मधोमध उभ्या होतो आणि समोरून जाणाऱ्या गाडीच्या खिडकीत दोघींचे चेहरे शेजारी शेजारी दिसत होते. गाडी दर्ग्याच्या दिशेनं चालली होती. वळण अजून यायचं होतं. कमल मान ताठ ठेवून सरळ समोर बघत बसली होती, आणि नसीमआपानं बुरख्याचं टोक तोंडात कोंबलं होतं.